गॅलिलिओ यानावरील टेपरेकॉर्डरचा बिघाड
गुरू ग्रहाच्या अभ्यासासाठी १८ ऑक्टोबर १९८९ रोजी सोडण्यात आलेल्या गॅलिलिओ या अमेरिकन अवकाशयानात मोजमापे व चित्रे साठविण्यासाठी चुंबकीय फितीचा टेपरेकॉर्डर बसविला होता. मूळ योजनेत त्याचे स्थान दुय्यम होते. ११ एप्रिल १९९१ रोजी ४·८ मी. व्यासाचा छत्रीसारखा मुख्य आकाशक, म्हणजेच अँटेना, अर्धवट उघडून अडकला. त्याच्या फासळ्या ऊन-सावलीत फिरवून व चलित्राला हजारो वेळा हिसके देऊनही सुटल्या नाहीत. लहान आकाशकावरून सेकंदाला १,३४,००० ऐवजी फार तर १६० बिट एवढीच माहिती पाठविता येणार होती. त्यामुळे गुरूजवळची निरीक्षणे फितीवर साठवून कित्येक आठवडे सावकाश धाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. सु. ११४ मेगाबाइट क्षमतेच्या या एका फितीवर सारी मोहीम अवलंबून राहिली.

११ ऑक्टोबर १९९५ रोजी गुरूचे चित्र टिपल्यावर फीत मागे गुंडाळण्याची आज्ञा देण्यात आली. परंतु गुंडाळणे थांबल्याचा संकेत आलाच नाही. फीत तुटली असावी, अशी पहिली भीती होती. संदेश एका दिशेने पोहोचण्यासच सु. पाऊण तास लागत असल्याने चाचपडत प्रयोग करणे धोक्याचे होते. २० ऑक्टोबर रोजी फीत केवळ काही सेकंद पुढे चालविली, तेव्हा ती शाबूत असल्याचे कळले. फीत एके ठिकाणी चिकटली होती व चालक यंत्रणा १५ तास तशीच फिरत राहिली होती, असे निदान झाले. घासून दुबळा झाला असावा, अशा भागावर फितीचे २५ जादा वेढे देऊन तो कायमचा वर्ज्य करण्यात आला. त्यावरील गुरूचे चित्रही त्याबरोबर गेले.

याहून कठीण निर्णय पुढे होता. ७ डिसेंबर १९९५ रोजी यान आयो या उपग्रहाजवळून जाणार होते. पण त्याच दिवशी गुरूच्या वातावरणात शिरणाऱ्या शोधक उपकरणाची माहितीही साठवावयाची होती. ही संधी पुन्हा येणारी नव्हती. म्हणून आयो व यूरोपा यांची त्या दिवशीची चित्रे घेण्याचा बेत सोडून देण्यात आला. शोधकाची सु. ५८ मिनिटांची मोजमापे सुखरूप मिळाली, यावरून हा निर्णय योग्यच ठरतो. आयोची जवळून चित्रे मिळण्यास मात्र १९९९ साल उजाडावे लागले.

५ नोव्हेंबर २००२ रोजी ॲमल्थिया या उपग्रहाजवळून गेल्यावर रेकॉर्डर पुन्हा बंद पडला. या वेळी दोष फितीत नसून चलित्राच्या नियंत्रक मंडलातील प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांत होता. तीव्र प्रारणाने त्यांच्या स्फटिकजालकात विकृती निर्माण होऊन प्रकाश मंदावला होता. त्यांतून कित्येक तास विद्युत् प्रवाह जाऊ दिल्यावर जालक अंशतः पूर्ववत झाले, फीत प्रथम थोडी थोडी व नंतर सलग चालू लागली आणि ॲमल्थियाजवळ नोंदलेली बहुतेक माहिती पृथ्वीवर उतरवून घेता आली. २१ सप्टेंबर २००३ रोजी यान गुरूच्या वातावरणात हेतुपुरस्सर नष्ट करण्यात आले.