जमाखर्चात न दिसणारी बचत

सांडपाण्याचे शुद्धीकरण हा कोणत्याही महानगराच्या अंदाजपत्रकातील मोठा खर्च. कोलकात्याने मात्र त्यातील बराच भार अनेक दशके निसर्गावर सोपविला आहे. शहराच्या पूर्वेकडील उथळ तळ्यांत, म्हणजे तेथील ‘भेरीं’त, मैलापाणी कालव्यांनी येते. ऊन, जिवाणू व शैवाल ते निवळवितात, शैवालावर मासे पोसतात आणि उरलेले पाणी भातशेतीला जाते. कालवे व पंप सरकारी. पण तळ्यांची देखभाल चालते ती मासळीच्या विक्रीतून.

१९८०च्या दशकात राज्य शासनातील अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचे मोल प्रथम शास्त्रीय रीतीने मांडले. १९९२मध्ये उच्च न्यायालयाने जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२मध्ये १२,५०० हेक्टर क्षेत्रास रामसर दर्जा मिळाला. २००६मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तरीही भराव थांबले नाहीत.

कारण आर्थिक आहे. भराव घातलेल्या जमिनीला बाजारभाव असतो. वाचलेल्या खर्चाला लेखाशीर्ष नसते. वस्तुतः येथे मच्छीमारच शहराला अनुदान देतो आहे. त्याची नोंद अंदाजपत्रकात होत नाही तोवर केवळ कायद्याच्या बळावर ही तळी टिकणे कठीण.