योगशिक्षकांचे प्रशिक्षण व व्यावसायिक विकास

योग शिकविणाऱ्या व्यक्तीची अध्यापनासाठीची पूर्वतयारी, तिच्या पात्रतेचे मूल्यमापन आणि अध्यापन सुरू झाल्यानंतरही चालू राहणारे तिचे शिक्षण यांचा समावेश योगशिक्षकांचे प्रशिक्षण व व्यावसायिक विकास या विषयात होतो. भारतात वैद्यक किंवा वकिली या व्यवसायांप्रमाणे योगाध्यापनासाठी कायद्याने सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे शिक्षकाची गुणवत्ता राखण्याची जबाबदारी मुख्यतः प्रशिक्षण संस्था, ज्येष्ठ शिक्षक आणि शिक्षकांचे परस्पर संघटन यांच्यावर येते.

पार्श्वभूमी

पारंपरिक पद्धतीत योगविद्या गुरूकडून शिष्याकडे जात असे. शिक्षणाचा काळ ठरलेला नसे. शिष्याची तयारी पाहून गुरू त्याला शिकविण्याची अनुज्ञा देत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योगाचे सामुदायिक वर्ग सुरू झाले आणि या पद्धतीची मर्यादा जाणवू लागली. एका वेळी अनेकांना शिकविताना प्रत्येकाचे वय, प्रकृती व आजार यांची माहिती शिक्षकाला असतेच असे नाही. अशा अध्यापनासाठी स्वतःच्या साधनेखेरीज शरीरशास्त्र आणि अध्यापनपद्धती यांचेही ज्ञान लागते.

या परिवर्तनात महाराष्ट्रातील संस्थांचा वाटा मोठा आहे. श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत 'द योग इन्स्टिट्यूट' स्थापन केली. ही संस्था आता सांताक्रूझ येथे आहे. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे संशोधनविषयक नियतकालिक काढले. हे दोघेही परमहंस माधवदास यांचे शिष्य होते. दोघांनीही गुरूकडून मिळालेली विद्या वर्ग, ग्रंथ आणि प्रयोग यांच्या द्वारे सर्वसामान्यांपर्यंत नेली.

प्रशिक्षण संस्था

कैवल्यधामाच्या गोर्धनदास सेक्सरिया महाविद्यालयात योगशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम चालतो. डॉ. म. ल. घरोटे व एस. के. गांगुली यांचे 'टीचिंग मेथड्स फॉर योगिक प्रॅक्टिसेस' हे अध्यापनपद्धतीवरील पुस्तक याच संस्थेतून प्रसिद्ध झाले. पाठाचे नियोजन, प्रात्यक्षिक, सूचना देण्याची रीत व चुकांची दुरुस्ती हे विषय योगशिक्षक-प्रशिक्षणाचा भाग झाले आहेत. प्रशिक्षणार्थी पाठाचे टाचण काढतो, सहाध्यायांसमोर सराव पाठ घेतो आणि अनुभवी शिक्षक त्याचे निरीक्षण करतात.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी १९७५ मध्ये रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था उभारली. नाशिक येथील योग विद्या गुरुकुल, ठाण्यातील घंटाळी मित्र मंडळ आणि नागपूरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ यांनीही अनेक योगशिक्षक घडविले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि रामटेक येथील कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय यांनी योगविषयक अभ्यासक्रम विद्यापीठीय चौकटीत आणले. महाराष्ट्राबाहेर मुंगेर येथील बिहार योग विद्यालय आणि दिल्लीतील मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थान या प्रमुख संस्था होत.

प्रमाणीकरण

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला. त्यानंतरच्या काळात पात्रतेच्या समान निकषांची गरज अधिक ठळक झाली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०१८ मध्ये योग प्रमाणीकरण मंडळ स्थापन केले. मंडळाच्या अध्यापनविषयक मुख्य श्रेणी आणि त्यांसाठी अपेक्षित अभ्यासाचे तास पुढीलप्रमाणे आहेत:

• योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर – २०० तास
• योग वेलनेस इन्स्ट्रक्टर – ४०० तास
• योग टीचर अँड इव्हॅल्युएटर – ८०० तास
• योग मास्टर – १,६०० तास

योगोपचारासाठी वेगळ्या श्रेणी आहेत. मूल्यमापन लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही प्रकारे होते. हे प्रमाणीकरण ऐच्छिक आहे.

अमेरिकेतील 'योग अलायन्स' ही १९९९ मध्ये स्थापन झालेली बिगरसरकारी संघटना असून तिच्या २०० व ५०० तासांच्या नोंदणी श्रेणी अनेक देशांत प्रचलित आहेत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी भारतात चालणारे बरेच अभ्यासक्रम याच मोजमापानुसार आखलेले असतात.

सातत्यपूर्ण शिक्षण व शिक्षकसमुदाय

प्रमाणपत्र ही अध्यापनाची सुरुवात मानली जाते. अय्यंगार पद्धतीत उमेदवार ज्येष्ठ शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली परीक्षेची तयारी करतो. शिक्षक झाल्यावरही पुढील स्तरांच्या परीक्षा असतात आणि ज्येष्ठांकडे शिकत राहणे अपेक्षित असते. योग अलायन्सच्या नोंदणीत दर तीन वर्षांनी अध्यापनाचे व अभ्यासाचे ठरावीक तास पूर्ण करण्याची अट आहे.

शिबिरे, उजळणी वर्ग, परिषदा आणि नियतकालिके ही या शिक्षणाची इतर साधने होत. बहुसंख्य योगशिक्षक स्वतंत्रपणे, एकट्याने वर्ग घेतात. शाळेतील शिक्षकाला सहकारी, मुख्याध्यापक आणि पाठ-निरीक्षण सहज लाभते. योगशिक्षकाला ते मुद्दाम मिळवावे लागते. त्यामुळे समव्यवसायींचा समुदाय हा त्याच्या दृष्टीने प्रशिक्षणाचाच भाग ठरतो. एखादा अवघड प्रसंग कोणाला विचारावा, कोणता साधक डॉक्टरांकडे पाठवावा आणि आपल्या ज्ञानाची सीमा कोठे संपते, हे शिक्षक बऱ्याच अंशी अशा सहवासातून शिकतो.

प्रश्न व मर्यादा

अपुऱ्या तयारीचा परिणाम थेट साधकाच्या शरीरावर होऊ शकतो. नियंत्रणात नसलेला उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासन करणे धोक्याचे असते. गरोदरपणात कपालभाती टाळावी लागते. मणक्यांतील चकती सरकलेल्या व्यक्तीला पुढे वाकण्याच्या आसनांत इजा होण्याचा संभव असतो. म्हणून वर्गात प्रवेश देण्यापूर्वी आरोग्यविषयक विचारणा करणे आणि पर्यायी कृती सुचविणे हे शिक्षकाचे मूलभूत कर्तव्य मानले जाते. साधकाच्या शरीराला हात लावून दुरुस्ती करण्यापूर्वी त्याची संमती घेणे, हा आचारसंहितेचा महत्त्वाचा भाग आहे.

तासांवर आधारलेल्या प्रमाणपत्रांविषयी मतभेद आहेत. समान निकषांमुळे साधकाला शिक्षकाची किमान पात्रता पडताळता येते, असे एक मत आहे. काही आठवड्यांत तास पूर्ण झाले तरी अभ्यास अंगी मुरतोच असे नाही, हा त्यावरील आक्षेप आहे. शिवाय प्रशिक्षण शुल्क भरणे आणि शिबिरांसाठी वर्ग बंद ठेवणे अल्प उत्पन्नाच्या शिक्षकांना जड जाते. विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात शिकविणारी मंडळे ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात.