मान्यतेबाहेरची राष्ट्रे आणि फुटबॉलचे मैदान : एक ऐतिहासिक आढावा

पदवीच्या वर्गात ‘राष्ट्र’ ही संकल्पना शिकवताना भाषेची एक अडचण नेहमी जाणवते. मराठीत ‘राष्ट्र’ हा एकच शब्द आपण लोकसमूहासाठी वापरतो आणि राज्यसंस्थेसाठीही वापरतो. उर्दूत मात्र लोकसमूहाला ‘कौम’, देशाला ‘मुल्क’ आणि मायभूमीला ‘वतन’ असे निरनिराळे शब्द आहेत. कौम आहे, वतनाची आठवणही आहे, परंतु जगाने मान्य केलेला मुल्क नाही, अशा समाजांनी आपले अस्तित्व कोठे नोंदवावे? गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे एक उत्तर फुटबॉलच्या मैदानावर शोधले गेले. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नाचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका : अल्जीरियाचा संघ

जागतिक फुटबॉलचे नियंत्रण करणारी ‘फिफा’ ही संस्था १९०४ साली पॅरिस येथे स्थापन झाली. आज तिचे २११ सदस्य आहेत, तर संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य १९३ आहेत. या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. स्कॉटलंड आणि वेल्स यांचे फिफामध्ये स्वतंत्र संघ आहेत. उलट संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य असलेले मोनॅको आणि तुवालू फिफाबाहेर आहेत. पॅलेस्टाइनला फिफाचे सदस्यत्व १९९८ मध्येच मिळाले. म्हणजे मान्यता ही एकसंध गोष्ट नसून ती निरनिराळ्या दरबारांत निरनिराळी मिळते.

हा भेद सर्वप्रथम ठळकपणे दाखवून दिला तो अल्जीरियाच्या खेळाडूंनी. एप्रिल १९५८ मध्ये फ्रान्समधील व्यावसायिक क्लबांत खेळणारे सुमारे दहा अल्जीरियन खेळाडू गुपचूप ट्युनिसला पोहोचले. त्यांत सेंत-एतिएन क्लबचे रशीद मेख्लूफी आणि मोनॅको क्लबचे मुस्तफा झितूनी होते. त्याच वर्षी स्वीडनमध्ये होणाऱ्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघात दोघांची निवड होण्याची शक्यता होती. ती बाजूला ठेवून त्यांनी राष्ट्रीय मुक्ती आघाडीचा संघ उभारला. फिफाने या संघास मान्यता नाकारली आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांना कारवाईचा इशारा दिला. तरीही उत्तर आफ्रिका, पूर्व युरोप, चीन आणि व्हिएतनाम येथे या संघाने सामने खेळले. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला. त्या देशाचे राज्य नकाशावर येण्यापूर्वीच त्याचा संघ मैदानावर आला होता.

संघटनेकडे वाटचाल

जून २००१ मध्ये कोपनहेगन येथे तिबेट आणि ग्रीनलंड यांच्यात सामना झाला. चीनचा विरोध असतानाही तो खेळला गेला आणि ग्रीनलंडने ४-१ असा जिंकला. येथे आपल्या भागाशी एक संबंध येतो. तिबेटच्या संघाचा आधार म्हणजे भारतातील निर्वासित वसाहती. बेळगाव परिसरातील वाचकांना मुंडगोडची वसाहत परिचित आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथेही अशी वसाहत आहे. या वसाहतींतील संघांसाठी दलाई लामांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १९८१ पासून सुवर्णचषक स्पर्धा सुरू आहे.

२००३ मध्ये ब्रुसेल्स येथे फिफाबाहेरील संघांसाठी ‘एन.एफ.-बोर्ड’ ही संघटना स्थापन झाली. २००६ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे एक वेगळी स्पर्धा भरली. तिच्या अंतिम सामन्यात उत्तर सायप्रसने झांझिबारचा पेनल्टीवर पराभव केला. त्याच वर्षी एन.एफ.-बोर्डाची पहिली ‘व्हिवा’ विश्वचषक स्पर्धा ऑक्सितानियात झाली. ती उत्तर युरोपातील सामी लोकांच्या संघाने जिंकली. अंतिम सामन्याचा निकाल २१-१ असा होता. यावरून दर्जातील तफावत कळते. २०१२ ची स्पर्धा इराकी कुर्दिस्तानातील अर्बील येथे झाली आणि यजमान कुर्दिस्ताननेच ती जिंकली.

जून २०१३ मध्ये ‘कोनिफा’ ही नवी संघटना निर्माण झाली. तिच्या २०१४ च्या स्वीडनमधील स्पर्धेत १२ संघ होते. २०१६ ची स्पर्धा अबखाझियात झाली. तेथे यजमान संघाने ब्रिटनमधील पंजाबी खेळाडूंच्या संघाला अंतिम सामन्यात पेनल्टीवर हरवले. २०१८ मध्ये लंडनला १६ संघ जमले. यजमानपद सोमालियाच्या किनाऱ्यावरील बरावा या प्राचीन बंदराच्या नावाने खेळणाऱ्या स्थलांतरितांच्या संघाकडे होते. सामने आपल्या शहरापासून हजारो मैल दूर, तरी यजमान आपण, ही गोष्ट निर्वासितांच्या इतिहासात लक्षणीय आहे.

उत्तर सायप्रस : एक बोलके उदाहरण

१९५१ साली सायप्रसची लीग निकोसियाच्या तुर्की समाजाच्या चेतिनकाया या क्लबने जिंकली होती. तेव्हा ग्रीक आणि तुर्की क्लब एकाच लीगमध्ये खेळत. १९५५ मध्ये तुर्की क्लब वेगळे झाले. बेटाची फाळणी १९७४ मध्ये झाली आणि उत्तर सायप्रसची घोषणा १९८३ मध्ये. म्हणजे मैदान आधी दुभंगले, देश नंतर. २०१३ मध्ये झ्युरिक येथे दोन्ही फुटबॉल संघटनांनी समझोत्यावर सह्या केल्या, परंतु तो अमलात आला नाही. यात नुकसान झाले ते तुर्की सायप्रियट तरुणांचे. राजकारणात त्यांनी काहीही केलेले नसताना अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल त्यांना बंद राहिले.

मर्यादा

या चळवळीकडे केवळ भावनेने पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. ‘पदानिया’ हे नाव उत्तर इटलीतील एका राजकीय पक्षाने रुजवले. २०१८ ची विजेती कार्पाताल्या ही युक्रेनमधील हंगेरियन अल्पसंख्याकांची संघटना. तिच्या सहभागाला युक्रेनच्या सरकारने फुटीरतेचा रंग दिला. पीडित समाज, प्रादेशिक अस्मिता आणि राजकीय प्रचार एकाच रांगेत उभे राहतात, हा या स्पर्धांचा खरा दोष आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. या स्पर्धेतून राजकीय मान्यता मिळत नाही. जिब्राल्टरने क्रीडा लवादाकडे दाद मागितली, कोसोव्होने मुत्सद्देगिरी केली. दोघांनाही फिफाचे सदस्यत्व २०१६ मध्ये मिळाले. झांझिबारला २०१७ मध्ये आफ्रिकी महासंघाने पूर्ण सदस्यत्व दिले आणि चार महिन्यांतच काढून घेतले. २०१९ मध्ये कोनिफाची युरोपीय स्पर्धा आर्त्साख म्हणजे नागोर्नो-काराबाख येथे झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक घरदार सोडून गेले. ज्या प्रजासत्ताकाने पाहुण्या संघांचे स्वागत केले, तेच आज अस्तित्वात नाही.

समारोप

तर मग या स्पर्धांचे मोल काय? आपल्या मते, त्या मान्यतेची सनद नसून हजेरीपटावरील नोंद आहेत. कोणत्या समाजाने, कोणत्या वर्षी, कोणत्या नावाने आपण आहोत असे सांगितले, याचा हा तारीखवार पुरावा आहे. राज्यांचे दप्तर जिंकणाऱ्यांच्या हाती असते. धावफलकावर मात्र २१-१ ने हरलेल्याचेही नाव लिहिलेले राहते. राष्ट्रवादाचा इतिहास शिकवताना करार आणि लढाया यांच्याबरोबर अशा नोंदीही विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या, तर ‘कौम’ आणि ‘मुल्क’ यांतील अंतर त्यांना पुस्तकी व्याख्येपेक्षा लवकर उमजेल.