गुरुत्वाकर्षण कोणी लिहायचे? : खेळ रचण्याच्या सोप्या साधनांचा इतिहास

संगणकावरच्या खेळात एखादे पात्र उडी मारते आणि खाली येते. त्याचे आपल्याला नवल वाटत नाही, कारण वर गेलेली वस्तू खाली येते हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण संगणकाच्या पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसते. तेथे भिंत आरपार जाऊ देते आणि चेंडूला उसळी नसते. जे काही घडते ते कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असते. मुलांना स्वतःचा खेळ रचता यावा म्हणून गेल्या चाळीस वर्षांत अनेक सोपी सॉफ्टवेअर निघाली. त्यांच्याबद्दल एक प्रश्न नेहमी विचारावासा वाटतो : हे गुरुत्वाकर्षण कोणी लिहिले? मुलाने, की साधन बनवणाऱ्याने?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. शाळेत संगणकाच्या वाट्याला आठवड्याला एखाद-दुसरी तासिका येते. तेवढ्या वेळात मूल काय शिकेल, हे पुष्कळदा आपण निवडलेले साधनच ठरवून टाकते.

ही साधने येण्यापूर्वी काय होते ते आधी पाहू. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी 'बेसिक' ही भाषा तयार केली. पुढे घरगुती संगणक आले ते बहुतेक हीच भाषा पोटात घेऊन. आपल्याकडे १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले, त्यांतही बेसिकच होती. संगणक सुरू केला की समोर रिकामा पडदा आणि लुकलुकणारी एक खूण. चेंडू हलवायचा तर तो काढायचा, पुसायचा, थोडा पुढे काढायचा, पुन्हा पुसायचा, आणि दर वेळी कडा आली का ते तपासायचे. त्यात एखादा स्वल्पविराम चुकला की सगळे ठप्प. सर्व काही स्वतः लिहावे लागत असल्याने शिकायला भरपूर होते, परंतु वर्गातली दोन-तीन मुलेच तेथपर्यंत पोचत. बाकीची मासिकात छापलेला प्रोग्राम जसाच्या तसा टंकत.

१९६७ साली फ्यूरझाइग, सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा केली. तिच्यातले कासव अनेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. पेपर्ट यांचा आग्रह असे की मुलांच्या साधनाचा उंबरठा ठेंगणा असावा आणि छत उंच असावे. म्हणजे आत शिरणे सोपे, पण आत गेल्यावर डोके आपटू नये. खेळ रचण्याच्या साधनांचा पुढचा इतिहास म्हणजे या दोन मापांची ओढाताण आहे. उंबरठा खाली आणताना छतही खाली आले, असे वारंवार घडले.

बज यांचे पिनबॉल

या इतिहासात बिल बज यांचे नाव आधी घ्यावे लागते. अॅपल-२ या संगणकासाठी त्यांनी १९८१ साली पिनबॉलचा एक खेळ लिहिला. पिनबॉल म्हणजे उतरत्या टेबलावर लोखंडी गोळी सोडायची आणि दोन वल्ह्यांनी ती वर टोलवत राहायची. तसला दुसरा खेळ लिहिण्याऐवजी पिनबॉलचे टेबलच ज्याला त्याला बनवता यावे, असे त्यांनी ठरवले. १९८२-८३ मध्ये 'पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट' बाजारात आला. पडद्याच्या एका बाजूला रिकामे टेबल, दुसऱ्या बाजूला वल्ही, खुंट्या, लक्ष्ये असे सुटे भाग. एका चिमुकल्या हाताच्या चित्राने भाग उचलायचा आणि टेबलावर नेऊन ठेवायचा. आज हे ऐकताना कोणाला विशेष वाटणार नाही. परंतु मॅकिन्टॉश संगणक १९८४चा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ४८ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रावर केलेल्या या कामाची किंमत कळते. तयार झालेले टेबल चकतीवर उतरवून मित्राला देता येई, आणि मित्राकडे मूळ सॉफ्टवेअर नसले तरी ते चाले.

त्यात दोन गोष्टी शिक्षकाच्या नजरेने फार मोलाच्या होत्या. एक म्हणजे लक्ष्ये आणि गुण यांच्यामध्ये तारा जोडता येत. ही दोन्ही लक्ष्ये लागली तरच जादा गुण, अशी जोडणी तर्कद्वार वापरून करता येई. दुसरी म्हणजे गुरुत्व, वेग, उसळी अशा राशी कमी-जास्त करण्यासाठी सरकपट्ट्या होत्या. पट्टी सरकवा आणि चंद्रावर पिनबॉल खेळा. एक राशी बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होते ते पाहायचे, ही तर प्रयोगाचीच रीत झाली.

मात्र या साधनात पिनबॉलच बनत असे, दुसरे काही नाही.

पुढच्या काही वर्षांत असे साचे पुष्कळ निघाले. ब्रिटनमध्ये ग्रॅएम यांडल यांच्या 'द क्विल'ने (१९८३) मजकुरावर चालणारे साहसखेळ रचता येऊ लागले. एक अक्षर प्रोग्राम न लिहिलेल्या लोकांनी त्यात केलेले शेकडो खेळ विकले गेले. १९८७ साली 'शूट-एम-अप कन्स्ट्रक्शन किट' आले, त्यात विमानांच्या गोळीबाराचे खेळ होत. शत्रूचे विमान कसे उडावे हे आपण दांडी हलवून दाखवायचे, मग ते विमान हुबेहूब तसेच उडे. शिकायला पाच मिनिटे पुरत. पण ते विमान आपल्याला पाहून वाट बदलू शकत नसे, कारण त्याला पाठ केलेली वाट होती, नियम नव्हता. एकाच साच्यातून काढलेल्या करंज्या सारणाने वेगळ्या, आकाराने सारख्याच. या खेळांचेही तसेच झाले.

छताला खिडकी

साचा मोडायचा तर साधनात कोठेतरी खिडकी लागते. तशी खिडकी 'हायपरकार्ड'मध्ये होती. बिल अॅटकिन्सन यांनी १९८७ साली मॅकिन्टॉशसाठी केलेले हे साधन खेळांकरिता नव्हतेच. कार्डांची चळत, कार्डावर चित्रे आणि बटणे, बटण दाबले की दुसरे कार्ड, एवढीच मूळ कल्पना. पण बटणाच्या मागे साध्या इंग्रजीसारख्या भाषेत आज्ञा लिहिता येत. तेही अपुरे पडले तर बाहेर दुसऱ्या भाषेत लिहिलेला तुकडा आत जोडता येई. मिलर बंधूंनी १९९३ साली 'मिस्ट' हा गाजलेला खेळ हायपरकार्डवरच उभा केला. मूळ हायपरकार्ड काळे-पांढरे होते. 'मिस्ट'मधले रंग आणि चलत्‌चित्रे अशा बाहेरून जोडलेल्या तुकड्यांमुळे आली.

१९९४चे 'क्लिक अँड प्ले' दुसऱ्या वाटेने गेले. फ्रान्स्वा लिओने आणि इव्ह लामूरो यांच्या या साधनात आज्ञा टंकायच्याच नव्हत्या. एक मोठा तक्ता असे. ओळीत घटना, स्तंभात वस्तू, आणि चौकटीत खूण करायची : 'गोळी शत्रूला लागली' या ओळीत शत्रूच्या स्तंभाखाली 'नष्ट हो'. जर-तर हा विचार इतक्या स्वच्छपणे मांडणारे साधन त्याआधी क्वचितच झाले असेल. परंतु तक्ता शेदोनशे ओळींचा झाला की त्यात काही शोधणे म्हणजे जुन्या कीर्दखतावणीत हरवलेली नोंद शोधण्यासारखे.

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात मार्क ओव्हरमार्स हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. यंत्रमानवाने अडथळे चुकवत वाट कशी काढावी, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांनी १९९९च्या नोव्हेंबरात 'अॅनिमो' या नावाने जे लहानसे साधन खुले केले, ते पुढे 'गेम मेकर' म्हणून जगभर पोचले. आज्ञांची चित्रे ओढून आणून ठेवायची, एवढ्यावर खेळ तयार होई. पण त्या चित्रांतलेच एक चित्र 'येथे प्रोग्राम लिहा' असे होते. मूल आधी सगळी चित्रे वापरी, मग एके दिवशी अडे आणि त्या चित्रावर टिचकी मारी. आमच्या मते या साधनाचे अर्धे यश त्या एका चित्रात आहे.

ओव्हरमार्स यांनी २००४ साली लिहिले ते याहून पुढचे. वस्तूचे वर्णन वेगळे आणि त्या वर्णनाबरहुकूम पडद्यावर आलेली प्रत्यक्ष वस्तू वेगळी, हा संगणकशास्त्रातला कठीण समजला जाणारा भेद मुले खेळ करता करता आत्मसात करतात, असा त्यांचा मुद्दा होता. गणपतीचा साचा आणि मूर्ती यांतला फरक आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. गेम मेकरमध्ये एका शत्रूचा साचा केला की वीस शत्रू मांडता येतात, आणि साचा सुधारला की वीसही सुधारतात.

उडीचे गणित

मे २००७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने 'स्क्रॅच' सर्वांसाठी खुले केले. आज शाळांतून सर्वांत जास्त दिसते ते हेच. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. न जुळणारे ठोकळे अडकतच नाहीत, त्यामुळे व्याकरणाची चूक होऊच शकत नाही. स्वल्पविरामाचा जाच संपला.

आता आपला पहिला प्रश्न घेऊ. बज यांच्या साधनात गुरुत्व म्हणजे सरकपट्टी. गेम मेकरमध्ये गुरुत्व म्हणजे एक चित्र : दिशा २७० अंश, प्रमाण अमुक, झाले काम. स्क्रॅचमध्ये गुरुत्वाचा ठोकळाच नाही! नवशिक्याला ही उणीव वाटते. आम्हाला मात्र नववीच्या वर्गासाठी हीच त्याची मोठी जमेची बाजू वाटते. कशी ते पाहा.

'वेग' नावाचा एक चल करा. उडी मारताना त्याची किंमत १० ठेवा. मग पुन्हा पुन्हा दोनच गोष्टी करा : उंची 'वेग'इतकी वाढवा आणि 'वेग' १ने कमी करा. पात्र पहिल्या पावलाला १० एकके चढते, मग ९, मग ८, असे करत दहाव्या पावलाला १. वेग शून्य होतो, नंतर ऋण होतो आणि पात्र खाली येऊ लागते. 'खाली ये' ही आज्ञा कोठेही दिलेली नाही. त्वरण म्हणजे वेगात होणारा बदल, हे वाक्य पाठ केलेल्या मुलाला ते येथे चालताना दिसते.

आता एकूण उंची मोजा. १० + ९ + ८ + ... + १ = ५५. आपले सूत्र, वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट, सांगते १०० ÷ २ = ५०. पाच एकके जास्त कोठून आली? ठोकळ्यांचा क्रम उलटा करा, आधी वेग कमी करा आणि मग उंची वाढवा, तर बेरीज ९ + ८ + ... + ० = ४५ येते. पाऊल निम्मे केले, म्हणजे दर पावलाला वेग अर्ध्याने कमी केला आणि उंची वेगाच्या निम्मी वाढवली, तर हेच दोन आकडे ५२.५ आणि ४७.५ होतात. पावले लहान करत गेलो तर दोन्ही बाजूंनी ५०कडे सरकतात. कलनशास्त्राच्या दारात मूल असे खेळता खेळता येऊन उभे राहते. तयार गुरुत्वाच्या चित्राखाली हे सारे झाकले जाते.

अर्थात पाचवीतल्या मुलाला आधी उडी हवी असते, तिचे गणित नको असते. त्याला गुरुत्व तयार मिळाले तर काही बिघडत नाही. नववीतल्याला मात्र ते तयार मिळू नये.

गणिताच्या शिक्षकांसाठी येथे एक सूचना. स्क्रॅचमध्ये आरंभबिंदू पडद्याच्या मध्यावर असतो आणि वर जाताना य वाढतो, आलेखाच्या कागदासारखे. दिशा मात्र होकायंत्राप्रमाणे, वर ० आणि उजवीकडे ९०. ही लोगोच्या कासवाची वारसदारी आहे. गेम मेकरमध्ये कोन आपल्या पुस्तकातल्यासारखे, पण आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि खाली जाताना य वाढतो. एका साधनातून दुसऱ्यात गेलेली मुले येथे हमखास गोंधळतात.

स्क्रॅचचे दोष दुसरीकडे आहेत. मे २०१३ पर्यंत त्यात स्वतःचा ठोकळा घडवण्याची सोय नव्हती आणि एका पात्राच्या अनेक प्रती चालता खेळ काढता येत नव्हत्या. वीस शत्रू हवे असले की तोच प्रोग्राम वीस वेळा चिकटवावा लागे आणि चूक निघाली की वीस ठिकाणी सुधारावी लागे. त्या आवृत्तीनंतर ही अडचण उरली नाही. सवयींचे काय? इस्रायलमधील वाइझमन विज्ञान संस्थेच्या मीरबॉम-सलांत, आर्मोनी आणि बेन-आरी यांनी माध्यमिक शाळेतील मुलांचे स्क्रॅचमधले काम अभ्यासून २०११ साली एक निरीक्षण मांडले. मुले आधी आराखडा करत नाहीत, हाताला लागतील ते ठोकळे गोळा करून काही जमते का पाहतात, आणि प्रोग्रामचे इतके बारीक तुकडे करतात की एकसंध विचार उरत नाही. जे साधन चुकू देत नाही ते थांबून विचारही करायला लावत नाही, अशी ही अडचण आहे. तिला सॉफ्टवेअरमध्ये उपाय दिसत नाही. संगणकाला हात लावण्यापूर्वी उडीचा तक्ता वहीत करून घेणे आपल्या हातात आहे.

साधने टिकत नाहीत, हाही भाग आहेच. हायपरकार्डची विक्री २००४ साली थांबली. क्लिक अँड प्ले हे १६-बिटचे असल्याने आजच्या ६४-बिट विंडोजवर ते सरळ चालत नाही, आणि त्यात केलेले मुलांचे खेळही त्याबरोबर अडकले. डेरेक यू यांनी २००८ साली गेम मेकरमध्ये 'स्पेलंकी' हा खेळ केला आणि फुकट वाटला. २०१२ साली तो एक्सबॉक्सवर आला तो मात्र नव्याने लिहून. नियम, भुयारे, सापळे यांची सारी कल्पना सोप्या साधनात आधीच पारखून झाली होती.

बज यांच्या पिनबॉलचा शेवट निराळा झाला. अटारी संगणकावरच्या आवृत्तीचा मूळ प्रोग्राम त्यांनी २०१३ साली सर्वांसाठी खुला केला. त्या सरकपट्टीच्या मागे गुरुत्व कसे लिहिले होते, ते आता कोणालाही उघडून वाचता येते.