विझलेल्या भट्टीची राखण

झाशी शहराच्या जुन्या तटाला दहा दरवाजे होते. दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, सागर, भांडेर ही त्यांतील काहींची नावे ऐकली की ती त्या त्या दिशेच्या गावांची आहेत हे सहज ध्यानात येते. त्याच रांगेत खंडेराव हे मराठी कानांना घरचे वाटणारे नाव येते. १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला, तेव्हा या दरवाजांवर सगळ्या शहराचे प्राण टांगलेले होते. ३ एप्रिलला इंग्रज फौज तटाच्या आत शिरली, राणी लक्ष्मीबाईंनी पुढे किल्ला सोडला, आणि शहराचे रक्षण करण्याचे दरवाजांचे काम त्याच वेळी संपले. आज खंडेराव गेट हे शहरातील एका वस्तीचे नाव आहे. अशा निवृत्त दरवाजाकडे दुर्लक्ष झाले तर चार दगड ढासळतात, इतिहासाचा एक पुरावा पुसट होतो. ही हानी लहान नव्हे. पण तिच्यामुळे शेजारच्या घरात राहणाऱ्यांच्या अंगात काही रोग शिरत नाही.

माणसाने आजवर जे जे उभारले आणि काम सरल्यावर सोडून दिले, त्यांतील बहुतेक गोष्टी अशाच होत्या. गढ्या, टाकसाळी, पाणचक्क्या काळाच्या स्वाधीन केल्या तरी चालत असे. विसाव्या शतकाने मात्र एक अशी वास्तू निर्माण केली, की तिचे काम संपले तरी तिच्याविषयीचे माणसाचे काम संपत नाही. ती वास्तू म्हणजे अणुभट्टी. या नव्या प्रकारच्या निवृत्तीचा आपल्या देशातील ठळक दाखला महाराष्ट्रातच, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तुर्भे येथे, ज्याला सरकारी कागदांत ट्रॉम्बे म्हणतात तेथे, पाहावयास मिळतो.

तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी डॉ. होमी भाभा यांनी १९५४ साली अणुशक्ती संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. तेथील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातील ती पहिलीच. तिचा आराखडा भारतीय शास्त्रज्ञांचा होता, इंधन ब्रिटनकडून आलेले होते. खोल हौदातील पाण्यात तिचा गाभा निळसर प्रकाशाने उजळे. तो पाहून पंडित नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ हे नाव दिले. तिच्या पाठोपाठ कॅनडाच्या साहाय्याने दुसरी, पुष्कळच मोठी भट्टी उभी राहिली. १९५६ च्या एप्रिलमध्ये करार झाला आणि १० जुलै १९६० रोजी तिच्यात विखंडनाची साखळी प्रथम सुरू झाली. चाळीस मेगावॅट औष्णिक शक्तीच्या या भट्टीला लागणारे जड पाणी अमेरिकेने पुरवले होते. म्हणून कॅनडा, इंडिया आणि युनायटेड स्टेट्स या तिन्हींच्या आद्याक्षरांतून ‘सायरस’ हे नाव तयार झाले.

सायरस ही वीज निर्माण करणारी भट्टी नव्हती. पदार्थांच्या चाचण्या, न्यूट्रॉनांच्या साहाय्याने होणारे संशोधन, रुग्णालयांना आणि कारखान्यांना लागणारे किरणोत्सारी समस्थानिक, आणि भट्टी चालवणाऱ्या माणसांचे शिक्षण ही तिची कामे होती. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे जो स्फोट झाला, त्याचे प्लुटोनियमही तिच्यातूनच मिळाले होते, आणि त्यावरून कॅनडाशी असलेला आपला अणुसंबंध तुटला. १९९७ मध्ये वार्धक्याच्या खुणा दिसू लागल्यावर ती बंद करून तिचे मोठे नूतनीकरण करण्यात आले आणि काही वर्षांनी ती पुन्हा चालू झाली. परंतु २००६ च्या मार्चमध्ये, अमेरिकेशी होऊ घातलेल्या अणुकरारासाठी नागरी आणि सामरिक भट्ट्यांची विभागणी करताना, ही नुकतीच दुरुस्त केलेली भट्टी कायमची बंद करण्याचे भारताने जाहीर केले. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेव्हा डॉ. अनिल काकोडकर होते. ठरल्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०१० रोजी, पन्नास वर्षांच्या सेवेनंतर, सायरस निवृत्त झाली. अप्सरा त्याआधी, २००९ मध्येच बंद करण्यात आली होती; तिच्या जागी ‘अप्सरा-यू’ ही सुधारित भट्टी १० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली.

अणुभट्टी बंद झाली म्हणजे नेमके काय झाले? चुलीतील लाकडे ओढून घेतली की चूल निवते, तसा हा प्रकार नाही. बंद भट्टीतून प्रथम इंधन बाहेर काढतात, मग जड पाणी उपसून ते वेगळे साठवतात. एवढ्याने धोक्याचा सर्वांत मोठा भाग दूर होतो, आणि विखंडन पुन्हा सुरू होण्याची शक्यताही उरत नाही. पण पन्नास वर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसलेले पोलाद आणि काँक्रीट स्वतःच किरणोत्सारी बनलेले असते. पोलादात कोबाल्ट-६० तयार होतो. त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून किंचित अधिक. इंधनातून निसटलेला सीझियम-१३७ कोठे नळ्यांत, कोठे टाक्यांत चिकटून असतो. त्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे. सायरसच्या गाभ्याभोवती ग्राफाइटचे परावर्तक कवच होते. ग्राफाइटात कार्बन-१४ तयार होतो, त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. शिवाय न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ग्राफाइटात काही ऊर्जा साठून राहते. ही ऊर्जा मोकळी करतानाच १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील विंडस्केल येथे आग लागली होती. म्हणून भट्टी विझली तरी ग्राफाइटातील या ऊर्जेचा हिशेब ठेवणे अटळ ठरते.

यातून तीन मार्ग निघतात. भट्टी लगेच उकलायची. काही दशके बंदिस्त राखून मग उकलायची. किंवा तिला जागच्या जागी काँक्रीटमध्ये कायमची पुरायची. दुसऱ्या मार्गाच्या बाजूने निसर्ग स्वतः उभा आहे. कोबाल्ट सोळा वर्षांत एक-अष्टमांशावर येतो, आणि त्रेपन्न वर्षांत हजाराव्या भागापेक्षाही कमी उरतो. आज ज्या यंत्राजवळ माणसाला क्षणभर उभे राहणे धोक्याचे, त्याच यंत्राला पन्नास वर्षांनी तो पुष्कळशा निर्धास्तपणे हात लावू शकेल. थांबण्यात शहाणपण आहे, यात संशय नाही. मात्र थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. येथूनच वार्षिक देखरेखीचे काम सुरू होते.

हे काम दिसावयास अगदी साधे असते. निरीक्षक दरवर्षी येतात आणि ठराविक गोष्टी पाहतात. कुलपे आणि कुंपण शाबूत आहे की नाही, छतातून पाणी झिरपते की नाही, तळघरात ओल साठली आहे काय, पोलादावर गंज कितपत चढला, हवा गाळणाऱ्या गाळण्या बदलल्या की नाहीत, आग लागल्याची सूचना देणारी घंटा वाजते काय, हे तपासले जाते. किरणोत्सर्गाची मोजमापे गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहतात, भोवतालची माती आणि भूजल यांचे नमुने घेतात. जबाबदार अधिकारी बदलला असेल तर नव्याने कार्यभार रीतसर घेतला की नाही, हेही विचारले जाते. मग अहवाल लिहिला जातो. तो बहुधा चार-सहा पानांचा असतो आणि त्याचे सार असे, की या वर्षी काही विशेष घडले नाही. ‘काही घडले नाही’ एवढे एक वाक्य निःशंकपणे लिहिता यावे म्हणून वर्षभर माणसे जागी राहिलेली असतात. तुर्भ्यासारख्या ठिकाणी, जेथे समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला स्वस्थ बसू देत नाही, तेथे या वाक्याची किंमत अधिकच.

अमेरिकेत या कामाचा अनुभव मोठा आहे. कॅलिफोर्नियातील व्हॅलेसिटोस येथील चाचणी-भट्टी १९७७ मध्ये भूकंपप्रवण भेगेच्या शंकेमुळे बंद करण्यात आली. पुढे कित्येक दशके तिच्या मालकाला केवळ ती बाळगण्याचा परवाना होता, चालवण्याचा नव्हे. आणि त्या परवान्याखाली तिचे अहवाल नियामक आयोगाकडे जात राहिले. हे अहवाल कोणाही नागरिकाला वाचता येतात. ओहायो राज्यातील प्लम ब्रुक येथे अंतराळ संस्थेची साठ मेगावॅटची चाचणी-भट्टी होती. पैशाच्या टंचाईपायी ती ५ जानेवारी १९७३ रोजी एकाएकी बंद झाली आणि सुमारे पंचवीस वर्षे राखणीत राहिली. शेवटी ती उकलण्याची वेळ आली, तेव्हा असे आढळले की केवळ नकाशांवर काम भागत नाही. कोणती नळी कोठे वळवली, कोणत्या खोलीत कधी काय सांडले, हे जुन्या कर्मचाऱ्यांनाच ठाऊक होते. म्हणून निवृत्त होऊन म्हातारपणाकडे झुकलेल्या त्या माणसांच्या आठवणींचे साहाय्य घेण्यात आले. २०१२ मध्ये तो परवाना संपुष्टात आला. सायरसची थोरली बहीण म्हणावी अशी कॅनडातील चॉक रिव्हर येथील भट्टी १९४७ मध्ये सुरू झाली आणि १९५२ च्या डिसेंबरमध्ये तिला मोठा अपघात झाला. ती साफ करण्यासाठी आलेल्या अमेरिकी नौदलाच्या तुकडीचा प्रमुख जिमी कार्टर नावाचा तरुण अधिकारी होता. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ती भट्टी दुरुस्त होऊन १९९३ पर्यंत चालली.

या दाखल्यांतून एक गोष्ट उघड होते. किरणोत्सर्गाचा क्षय आकडेमोडीने सांगता येतो. माणसांच्या स्मरणाचा क्षय तसा सांगता येत नाही. सरकारी सेवेत एक माणूस फार तर पस्तीस वर्षे काढतो. पन्नास-साठ वर्षांच्या राखणीत अधिकाऱ्यांच्या किमान दोन पिढ्या येतात आणि जातात. भट्टी उभारणारा, चालवणारा, राखणारा आणि उकलणारा ही चार वेगळी माणसे असतात, आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे दरवर्षीची ती नोंद. ती एका वर्षी चुकली तर आकाश कोसळत नाही. दहा वर्षे चुकली तर मात्र अकराव्या वर्षी कशाशी ताडून पाहायचे हेच उरत नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. तपासणी कोणी करावी? भारतात १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. परंतु २००० साली एका आदेशाने भाभा अणुसंशोधन केंद्रातील भट्ट्या आणि प्रयोगशाळा या मंडळाच्या कक्षेतून काढून केंद्राच्याच सुरक्षा परिषदेकडे सोपवण्यात आल्या. याला कारणे होती. तेथील काही काम देशाच्या संरक्षणाशी निगडित आहे, आणि त्या यंत्रांची सर्वांत चांगली जाण तेथील शास्त्रज्ञांनाच आहे. तरीही राखणारा आणि तपासणारा एकाच घरचे असले, की तपासणाऱ्याला अप्रिय गोष्ट लिहिणे जड जाते, हा कोणत्याही कचेरीतला अनुभव आहे. त्यासाठी कोणाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. निवृत्त यंत्राच्या बाबतीत ही अडचण वाढतेच. चालू भट्टीकडे पैसा, मान आणि हुशार माणसे आपोआप येतात. बंद भट्टीच्या छपराच्या दुरुस्तीसाठी मात्र कोणीतरी आग्रह धरावा लागतो.

अणुवीज केंद्रांच्या बाबतीत महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले. नियामक मंडळाची नियमपुस्तिका निघून तेरा वर्षे लोटली तरी देशातील एकाही वीजभट्टीपाशी तिच्या विसर्जनाचा आराखडा तयार नाही. बंद पडलेल्या भट्टीचाही नाही, असे त्यांनी नोंदवले. मंडळाला कायद्याचे स्वतंत्र अधिष्ठान नाही, हा आक्षेपही त्याच अहवालात होता. ही उणीव दूर करणारा नवा अणुऊर्जा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. कायद्याने अधिकार मिळतो. तो अधिकार वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसतानाही, वापरला जातो की नाही, हे पुढील नोंदींवरून ठरेल.

अप्सरा आणि सायरस ज्या दिवशी सुरू झाल्या, ते दिवस आपल्या विज्ञानाच्या इतिहासात मानाने सांगितले जातात, आणि तो मान योग्यच आहे. सायरस बंद झाली तो दिवस फारसा कोणाच्या ध्यानात नाही. झाशीच्या दरवाजांवर वेढ्याच्या दिवसांत जे गोलंदाज उभे होते, त्यांची गाथा लोकांनी जपली. शांततेच्या काळात रोज संध्याकाळी अडसर घालणारे आणि पहाटे तो काढणारे पहारेकरी कोण होते, हे कोणालाच सांगता यायचे नाही. तरीही वेढ्याच्या दिवशी दरवाजे बंद झाले, ते त्या पहारेकऱ्यांनी बिजागऱ्या गंजू दिल्या नव्हत्या म्हणूनच. तुर्भ्याच्या विझलेल्या भट्टीपाशी असेच काम पुढल्या पिढ्यांनी करायचे आहे. वर्षातून एकदा दार उघडावे, आकडा मोजावा, तो गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहावा, खाली सही करावी, आणि वही पुढच्या माणसाच्या हाती सुखरूप द्यावी.