एक्लेसिया : एका शब्दाची हकीकत

मला ग्रीक येते असा कोणी समज करून घेऊ नये. माझी शाळा लवकर सुटली. पुढले शिक्षण गिरणीच्या दारावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु ज्याचे आयुष्य सभा भरविण्यात गेले, त्याला सभेचा शब्द कोठेही भेटला की थांबावेसे वाटते. ‘एक्लेसिया’ हा तसा शब्द आहे.

अथेन्समध्ये नागरिकांच्या सभेला हे नाव होते. प्निक्स टेकडीवर ती भरे. काही निर्णयांस ६००० माणसे लागत. पुढे हजेरीचा भत्ताही मिळू लागला. रोज बुडवून सभेला येणे म्हणजे काय, हे त्या लोकांना कळत होते! स्त्रिया व गुलाम मात्र बाहेरच.

पौलाच्या पत्रांत हाच शब्द येतो, तो कोणाच्या तरी घरी जमणाऱ्या ख्रिस्ती माणसांसाठी. ‘बाहेर बोलावलेले’ अशी त्याची फोड करून प्रवचने रचली जातात. पण शब्दाचा अर्थ फोडीत नसतो, वापरात असतो.

तो वापर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात पाहावा. इफिस शहरी देमेत्रिय हा रुपेकाम करणारा अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे करवी. पौलाच्या उपदेशाने धंदा बसणार, म्हणून त्याने कारागिरांना जमविले. पोट आणि देवी एकाच भाषणात गुंफणारा हा वक्ता मला परका वाटत नाही. लोक नाट्यगृहात घुसले, दोन तास देवीचा जयघोष झाला. बहुतेकांना आपण का जमलो हेच ठाऊक नव्हते. शेवटी नगराच्या चिटणिसाने सांगितले, तक्रार असेल तर न्यायालये आहेत, दुसरी काही बाब असेल तर ती कायदेशीर सभेपुढे न्या. येथे त्या गोंधळी जमावालाही ‘एक्लेसिया’ म्हटले आहे, आणि कायदेशीर सभेलाही!

विल्यम टिंडेलने १५२६ साली छापलेल्या इंग्रजी नव्या करारात ‘चर्च’ टाळून ‘काँग्रिगेशन’, म्हणजे जमलेला समुदाय, असा शब्द घातला. आपल्या मराठी बायबलातील ‘मंडळी’ याच वळणाचा. टॉमस मोर यांनी त्यावर कडाडून हल्ला केला. समुदाय म्हटले की अधिकार माणसांकडे जातो. चर्च म्हटले की धर्मपीठाकडे राहतो. १५३६ मध्ये टिंडेलला पाखंडी ठरवून गळा आवळून मारले व देह जाळला. आरोप अर्थात एवढ्या एकाच शब्दाचा नव्हता.

पुढे जेम्स राजाच्या भाषांतरकारांना नियमच घालून दिला होता, की ‘चर्च’च्या जागी ‘काँग्रिगेशन’ लिहू नये. त्यांनी तो पाळला. १६११ च्या त्या बायबलात इफिसच्या जमावाला मात्र ‘असेंब्ली’ म्हटले आहे.