आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आणि परदेशातील भाड्याची मोटार

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना : एका देशाच्या परवाना-अधिकाऱ्याने दिलेला मोटार चालविण्याचा मूळ परवाना दुसऱ्या देशातील पोलिसास अथवा मोटार भाड्याने देणाऱ्या पेढीस वाचता यावा, एवढ्याच हेतूने त्याच देशाने ठरीव नमुन्यात व अनेक भाषांत काढून दिलेली छापील पुस्तिका. परवाना हे नाव तिला लाभले असले, तरी मोटार चालविण्याचा नवा अधिकार ती कोणासही देत नाही. मूळ परवान्याचा तो राजमान्य तर्जुमा होय, आणि मूळ परवाना घरी विसरून केवळ ही पुस्तिका घेऊन निघालेल्या प्रवाशाच्या हाती अस्सलावाचूनची नक्कल तेवढी असते. ज्या देशाने ती दिली, त्या देशाच्या हद्दीत तिचा अंमल चालत नाही.

महाराष्ट्रात भाड्याची गाडी म्हटली की ती चालकासह येणार, हे इतके गृहीत धरलेले आहे की स्वतः चालविण्यासाठी मोटार भाड्याने घेणे म्हणजे तीन वेगवेगळ्या धन्यांची एकाच वेळी मर्जी राखणे होय, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली मोटार घेऊन हिंडलेल्यांना या व्यवहाराची तोंडओळख असते, परंतु परदेशी जाताच प्रकरण गुंतागुंतीचे होते. आपले स्वतःचे सरकार वाहन चालविण्याची पात्रता प्रमाणित करते. ज्या देशात आपण जातो त्याचे सरकार ती पात्रता आपल्या रस्त्यांवर किती काळ व कोणत्या अटीवर मानावयाची हे ठरविते. आणि मोटारीची मालक असलेली पेढी या दोहोंपेक्षा कडक अटी आपल्या करारनाम्यात घालण्यास मोकळी असते. पोलिसास जो कागद पुरतो तो पेढीस पुरेलच असे नाही, आणि पेढीने किल्ली हाती दिली म्हणून पोलिसाची हरकत संपली असेही नाही.

मोटारगाड्या सरहद्दी ओलांडू लागल्या तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला. ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे झालेल्या करारान्वये आंतरराष्ट्रीय मार्गदाखल्याची पद्धत सुरू झाली. पुढे १९२६ च्या पॅरिस कराराने वाहनाचा दाखला व चालकाचा परवाना यांची फारकत केली. आज प्रामुख्याने दोन करारांचा अंमल आहे : १९ सप्टेंबर १९४९ चा जिनिव्हा करार आणि ८ नोव्हेंबर १९६८ चा व्हिएन्ना करार. पहिल्याच्या नमुन्यातील पुस्तिकेची मुदत एक वर्षाची; दुसऱ्याच्या नमुन्यातील पुस्तिका तीन वर्षांपर्यंत, परंतु मूळ परवान्याची मुदत त्याआधी सरत असल्यास तेथपर्यंतच चालते. भारत वाहतुकीच्या बाबतीत जिनिव्हा करारात सामील आहे, आणि भारतीय पुस्तिका त्याच धर्तीची असते. या करारातील बारकावे वाचण्याजोगे आहेत. पुस्तिकेचे शेवटचे पान फ्रेंच भाषेत असावे व हाताने भरावयाचा मजकूर लॅटिन लिपीत असावा असा त्यात निर्बंध आहे, ज्यावरून राजनैतिक व्यवहारात फ्रेंचचे जे माहात्म्य एके काळी होते त्याची खूण मोटारीच्या कागदावर अद्याप टिकून राहिल्याचे दिसते. ज्या गुन्ह्याबद्दल परवाना जप्त होऊ शकतो तसा गुन्हा परक्या हद्दीत घडल्यास, तेथील सरकार आपल्यापुरता या परवान्याचा वापर बंद करू शकते.

भारतात हा परवाना मूळ परवाना देणारी प्रादेशिक परिवहन कचेरी, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले आरटीओ, देते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये अर्ज ४-अ या नमुन्यात करावयाचा, पुस्तिका ६-अ या नमुन्यात मिळते, आणि शुल्क १,००० रुपये आहे. अर्ज ‘सारथी’ या सरकारी संगणकीय व्यवस्थेतून भरता येतो. पूर्वी अर्जासोबत वैद्यकीय दाखला व प्रवासदेशाचा व्हिसा जोडावा लागे. त्यामुळे ज्या देशात उतरल्यावर व्हिसा मिळतो तेथे जाणाऱ्याची पंचाईत होई. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने या दोन्ही अटी काढून टाकल्या, आणि परदेशात असताना मुदत संपलेल्यांना तेथील भारतीय वकिलातीमार्फत नवा परवाना मागविण्याची सोय केली. निरनिराळ्या राज्यांतून निरनिराळ्या आकाराच्या, रंगाच्या व घडणीच्या पुस्तिका निघत व परदेशी अंमलदार त्यांकडे संशयाने पाहत, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये देशभर एकच नमुना ठरविण्यात आला व मूळ परवान्याशी दुवा जोडणारा क्यूआर संकेत त्यावर आला. संगणकाच्या जाळ्यावर ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ या नावाने दहा-दहा वर्षांच्या मुदतीची रंगीत पत्रे विकणाऱ्यांचा धंदा तेजीत असला, तरी त्या कागदास कायद्याच्या दृष्टीने रद्दीपेक्षा अधिक किंमत नाही.

अर्ज भरताना खरा पेच पडतो तो नावाचा. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी नावाची त्रिपदी पासपोर्टाच्या दोन रकान्यांत बसवावी लागते. मोटारीचा परवाना मात्र कोणी विसाव्या वर्षी, कोणत्या तरी कचेरीत, कारकुनाने लिहिला तसा घेतलेला असतो. एके ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. एके ठिकाणी वडिलांचे पूर्ण नाव, दुसऱ्या ठिकाणी नुसते आद्याक्षर. विवाहित स्त्रीचा परवाना माहेरच्या नावाचा, पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि बँकेचे कार्ड या दोहोंच्या मधल्याच कोणत्या तरी रूपाचे. आपल्याकडे हा भेद पाहताक्षणी उमगतो, कारण पाहणाराही त्याच रीतीत वाढलेला असतो. परक्या मुलखातील पेढीचा कारकून मात्र चार कागद शेजारी शेजारी मांडून अक्षर अन् अक्षर जुळवितो, आणि त्याच्या दृष्टीने ती तीन वेगळी माणसे असतात. म्हणून पुस्तिकेवर पासपोर्टातीलच नाव यावे यासाठी आधी मूळ परवान्यात दुरुस्ती करून घ्यावी, आणि मोटारीचे आरक्षणही त्याच नावाने करावे. दूरध्वनी-यंत्रातल्या ‘डिजिलॉकर’मधील परवाना भारतात चालतो म्हणून परदेशातील खिडकीवर चालेल अशा भरवशावर राहू नये, तेथे हाती घेऊन पाहता येईल असे अस्सल पत्र लागते.

वाहनांच्या वर्गाबाबतही असाच एक फसवा सारखेपणा आहे. भारतातील ‘हलके मोटार वाहन’ हा वर्ग ७,५०० किलोग्रॅमपर्यंत पसरलेला आहे. जिनिव्हा नमुन्यातील ‘बी’ वर्ग ३,५०० किलोग्रॅमवर व चालकाखेरीज आठ आसनांवर थांबतो. साऱ्या कुटुंबाला एकाच गाडीत बसविण्याचा आपला हट्ट नऊ आसनांच्या आत भागला तर ठीक. त्याहून मोठे वाहन या पुस्तिकेच्या बळावर मागू नये. दुचाकीचा शिक्का वेगळा असतो, आणि थायलंडमध्ये नुसत्या मोटारीच्या परवान्यावर स्कूटर भाड्याने घेणारे प्रवासी अपघात झाल्यावरच हे शिकतात, कारण त्या वेळी विम्याची कंपनी प्रथम तो शिक्का शोधते.

देशादेशांचे नियम एका सूत्रात बसत नाहीत. ब्रिटनमध्ये प्रवासी आपल्या मूळ परवान्यावर बारा महिने मोटार चालवू शकतो, आणि आइसलँडसारख्या देशात लॅटिन लिपीत छापलेला परवाना पुरतो. इटलीत भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय पुस्तिका किंवा शपथपूर्वक केलेला अनुवाद लागतो. जपान १९४९ च्याच नमुन्याची पुस्तिका मानतो. जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स अशा मोजक्या देशांच्या परवान्यांसाठी तेथे जपानी अनुवादाची वेगळी वाट आहे, भारतीयास ती नाही आणि तिची गरजही नाही. श्रीलंकेत नुसती पुस्तिका पुरत नाही, तिच्यावर स्थानिक मान्यतेची मोहोर लागते व हे काम कोलंबोतील ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोन करते, देशाचे नाव बदलले तरी जिने आपले बदललेले नाही. चीनच्या मुख्य भूमीवर ही पुस्तिका मुळीच चालत नाही.

पेढीच्या खिडकीवर येऊन ठेपल्यावर सरकारे मागे पडतात व दिवाणी कराराचे राज्य सुरू होते. मूळ परवाना किमान एक वर्ष जुना असावा व चालकाचे वय एकवीस असावे, पंचविशीखालच्यास जादा आकार पडावा, अशा अटी बहुतेक पेढ्या घालतात. त्यानंतर मागितले जाते ते मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड, ज्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवण्यात येते. पत्नीचे कार्ड आणि पतीचा परवाना ही जोडी घरात चालत असली, तरी येथे चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ऑक्टोबर २०२० पासून नवी भारतीय कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी खुली करून दिली जातात, आणि परदेशातील व्यवहारास ग्राहकाने स्वतः मोकळीक द्यावी लागते. ही तजवीज घरून निघण्यापूर्वीच करावी. करारनाम्यातील ज्या कलमास सामान्यतः विमा समजले जाते, ते ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ बहुधा विमा नसून, नुकसानभरपाईचा आपला हक्क एका मर्यादेपलीकडे सोडून देत असल्याची पेढीची कबुलायत असते; त्या मर्यादेच्या आतील रक्कम चालकाच्या माथी राहते, आणि टायर, काच, गाडीचा तळ हे भाग पुष्कळदा कबुलायतीतून वगळलेले असतात. आइसलँडमध्ये सोसाट्याच्या वाऱ्याने उघडलेले दार मोडून पडले, तर तो खर्च प्रवाशाचा, हे तेथील वारा अनुभवल्यावाचून पटत नाही.

किल्लीबरोबर एक कागद येतो, त्यावर मोटारीची चार बाजूंनी काढलेली रेखाकृती असते व जुने ओरखडे फुल्यांनी दाखविलेले असतात. विमानतळाच्या तळघरातील अंधुक उजेडात, मागे सामान व पुढे कंटाळलेली मुले असताना, प्रवासी त्यावर न पाहता सही करतो. उजव्या मागच्या चाकाच्या तबकडीवरील खरचटा त्या क्षणी त्याचा होतो. कितीही उशीर झाला तरी गाडीभोवती एक सावकाश प्रदक्षिणा घालावी, नवी फुली कारकुनाकडूनच मारून घ्यावी, आणि इंधनकाट्याचे व अंतरमापकाचे छायाचित्र काढावे. सरहद्द ओलांडावयाची असल्यास तशी लेखी मुभा करारनाम्यात हवी. जिनिव्हाच्या विमानतळास स्विस व फ्रेंच अशा दोन बाजू आहेत. स्विस बाजूच्या मोटारीस त्या देशाच्या द्रुतगती मार्गांची ४० फ्रँकांची वार्षिक चिकटपट्टी बहुधा लावलेली असते, फ्रेंच बाजूची मोटार तिच्यावाचून निघते, आणि एकाच इमारतीतून बाहेर पडलेल्या दोन प्रवाशांपैकी एकास दंड का होतो याचे उत्तर काचेवरच्या त्या चौकोनी तुकड्यात असते.

मोटार परत करताना कोणी अंमलदार हजर नसेल, तर किल्ली पेटीत टाकण्याआधी चारी बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. हजर असेल तर ताबेपावती मागून घ्यावी. इटलीतील फ्लॉरेन्स, पिसा, रोम इत्यादी शहरांच्या जुन्या भागांत परवानगीवाचून मोटार नेण्यास बंदी आहे व प्रवेशद्वारी कॅमेरे आहेत. दंडाची नोटीस परदेशस्थ व्यक्तीवर बजावण्यास तेथील कायदा ३६० दिवस देतो, पेढी मात्र प्रवाशाचे नाव-पत्ता पोलिसांस कळविल्याबद्दल आपला आकार त्याआधीच कार्डावर लावून मोकळी झालेली असते. त्यामुळे करारनामा, ताबेपावती व छायाचित्रे ही निदान वर्षभर एकत्र बांधून ठेवावीत. इटालियन शिक्क्याचे पाकीट पुण्याच्या किंवा पणजीच्या पत्त्यावर येते, तेव्हा पुष्कळदा आंतरराष्ट्रीय परवान्याची स्वतःची मुदतही संपत आलेली असते.